कळकलेली कढी

मागच्या शनिवारी रात्री साडेअकराला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये साप निघाला. कात्रजला, तेही घाटाच्या पायथ्याशी राहायचं म्हणजे हे अधूनमधून व्हायचंच, त्यात पावसाळा. वॉचमनने लांबून नजर ठेवली, सेक्रेटरींनी सर्पमित्राला फोन लावला आणि उरलेल्या सगळ्यांनी मोबाईलवर फोटो काढले (आयटीवाल्यांकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार!). अर्ध्या तासात तो पोरगा आला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "मण्यार आहे."

मला तो कवड्या वाटला होता. दिसायला दोघे जवळजवळ सारखेच. "सर, कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचं उलटं." सापाला बरणीत घेता घेता तो आणखी एक बोलला. "ही चावली तर बऱ्याचदा कळतच नाही. माणूस झोपेत असतो. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात. घरच्यांना वाटतं, काहीतरी खाण्यातून झालं."

आणि मला एकदम धाकटा काका आठवला.

आठवला म्हणजे, मी त्याला कधी पाहिलेलंच नाही. १९६८ च्या पावसाळ्यात तो गेला, नऊ वर्षांचा असताना. आमचं गाव भोर तालुक्यातलं. रात्री व्यवस्थित जेवून झोपला, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, उजाडेपर्यंत डोळे उघडेनात, बोलणं जड झालं, आणि एस्टी मिळायच्या आत सगळं संपलं. घरात निदान झालं ते असं: कढी कळकली होती. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेलेली, त्यात आंबट ताकाची कढी रात्रभर राहिलेली. कढी आजीने केली होती.

आता, कळकणं ही काही अंधश्रद्धा नव्हे. आंबटामुळे पितळेतलं तांबं अन्नात उतरतं, मळमळतं, उलट्या होतात. कल्हईवाला दारावरून जायचा तो उगाच नाही, आपल्या घरांतली विषबाधेवरची ती जुनी खबरदारीच होती. पण तांब्याने पापण्या मिटत नाहीत. शिवाय तीच कढी घरातल्या सहा जणांनी ओरपली होती. आमच्या कामात असं झालं तर आपण काय म्हणतो? तोच कोड सहा मशीनवर चालला आणि एकच बंद पडलं, तर बग कोडमध्ये शोधत बसू नका. हे आजीला सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं. तिने पुन्हा कधी कढी केली नाही. मी वाढलो त्या घरात कढी हा पदार्थच नव्हता आणि का नाही, हे आम्हा पोरांनी कधी विचारलं नाही.

असो. रविवार मग याच वाचनात गेला.

सापांच्या विषाकडे सरकारी नजर वळली ती इंग्रजांच्या काळात. जोसेफ फेरर या कलकत्त्याच्या डॉक्टरने १८७२ मध्ये भारतातल्या विषारी सापांवर भलामोठा सचित्र ग्रंथ काढला, आणि १८६९ या एका वर्षात सर्पदंशाने ११,४१६ माणसं गेल्याची नोंद गोळा केली. तीही सगळ्या देशाची नव्हे. सरकारचा उपाय मात्र त्याआधीपासून एकच: साप मारा, बक्षीस घ्या. दिल्लीच्या 'कोब्रा इफेक्ट'ची गोष्ट तुम्ही ऑफिसच्या एखाद्या ट्रेनिंगमध्ये ऐकली असेल (बक्षिसासाठी लोक नागच पाळायला लागले, वगैरे). तिला धड पुरावा नाही. आपल्या रत्नागिरीची हकिगत मात्र नोंदलेली आहे. डिसेंबर १८६२ मध्ये फुरशामागे बक्षीस दोन आण्यांवर नेलं आणि आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारून आणली गेली! आणि फुरसं? आजही कोकणात आहेच.

औषधाची वाट वेगळीकडून निघाली. काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९५ च्या सुमारास नागाच्या विषावर घोड्याच्या रक्तातून प्रतिविष बनवलं. ते सगळ्या सापांवर चालेल हा त्याचा दावा मात्र टिकला नाही. नागावरचं औषध घोणशीवर लागू पडेना. पुढे आपल्याकडे परळच्या हाफकिनसारख्या संस्थांत नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर मिळून एक लस तयार व्हायला लागली.

पण लस टोचायला आधी साप चावलाय हे कळायला हवं ना! इथे कात्रजचा संबंध येतो. नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले. साप उगाच चावत नाही, हे दाखवायला. १९८६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे काचेला नाक लावून उभे राहायचो, पाटी कोण वाचतो! पार्किंगमधला तो पोरगा मात्र हे ज्ञान अंगी मुरवून आला होता.

२०११ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. २००५ या वर्षात देशात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० मृत्यू, त्यातले ९७ टक्के खेड्यांत, आणि ७७ टक्के दवाखान्याच्या बाहेर. यातल्या किती घरांत अजून कुणाची तरी कढी दोषी असेल, देव जाणे.

मण्यारीपुरता उपाय तर हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. जमिनीवर झोपायचं नाही, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायची. नेपाळच्या तराईत २००७ मध्ये हे अभ्यासून दाखवलंय. उंदीर आणि अडगळ कमी केली की बरंच काम होतं. आणि पावसाळ्यात सकाळी कुणाच्या पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर अंगावर खूण नसली तरी १०८ ला फोन करून मोठं इस्पितळ गाठायचं, जिथे व्हेंटिलेटर असेल. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं तर मुळीच नाही.

रात्री बाबांना फोन केला. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, पण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खात्रीने सांगता येणार नाही, असंही मी म्हणालो. बराच वेळ पलीकडून काहीच नाही. मग म्हणाले, "आम्ही दोघं एकाच घोंगडीवर झोपायचो रे. त्या दिवशी तो भिंतीकडे होता."