लेबानन : पंथविभागणी आणि लोकशाहीचे स्थैर्य

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील १०,४५२ चौ. किमी. क्षेत्रफळाचा एक लहान अरब देश. अधिकृत मान्यता असलेले अठरा धर्मपंथ येथे आहेत. त्यांपैकी मॅरोनाइट, ग्रीक ऑर्थोडॉक्स व ग्रीक कॅथलिक हे ख्रिस्ती पंथ, तसेच सुन्नी, शिया आणि द्रूझ हे पंथ प्रमुख होत. विवाह व घटस्फोट यांसारख्या बाबींत प्रत्येक पंथाचे कायदे व न्यायालये निरनिराळी आहेत. राजकीय सत्तेचीही पंथनिहाय वाटणी करून लोकशाही चालविण्याचा प्रयोग या देशाने १९२६ पासून केला. परस्परांविषयी साशंक असलेल्या समाजांना एका राज्यात नांदविण्याचा मार्ग म्हणून या प्रयोगाची जशी प्रशंसा झाली, तशीच यादवी युद्धाचे मूळ म्हणून त्याची निंदाही झाली.

पूर्वपीठिका : लेबानन पर्वताचा प्रदेश ऑटोमन साम्राज्यात मोडत असे. १८६० मध्ये तेथे मॅरोनाइट व द्रूझ यांच्यात भीषण कत्तली झाल्या. त्यानंतर यूरोपीय सत्तांच्या संमतीने १८६१ मध्ये या प्रदेशाला स्वायत्तता देण्यात आली. सुलतानाने नेमलेला, परंतु लेबाननबाहेरचा ख्रिस्ती राज्यपाल आणि त्याच्या साहाय्यास बारा सदस्यांचे पंथनिहाय मंडळ, अशी ही व्यवस्था होती. पंथ हा राजकीय प्रतिनिधित्वाचा घटक असतो आणि त्याला परकीय सत्तेचा पाठिंबा मिळू शकतो, या दोन्ही गोष्टी तेव्हापासून रूढ झाल्या.

पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश फ्रान्सच्या अखत्यारीत आला. जनरल गूरो याने १ सप्टेंबर १९२० रोजी ‘बृहत् लेबानन’ची घोषणा केली. बेरूत, ट्रिपोली, सिडॉन, टायर व बेका खोरे पर्वतप्रदेशास जोडण्यात आले. त्यामुळे नव्या राज्याला बंदरे व शेतजमीन मिळाली. तथापि त्याबरोबरच सिरियाशी एकरूप होऊ इच्छिणारे बहुसंख्य मुसलमानही त्यात आले. १९२६ च्या संविधानाने पंथनिहाय प्रतिनिधित्व ‘तात्पुरते’ म्हणून मान्य केले. १९३२ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोक निम्म्याहून किंचित अधिक भरले. त्यानंतर देशात अधिकृत जनगणना झालेली नाही, कारण लोकसंख्येचे आकडे हाच सत्तावाटपाचा पाया होता.

राष्ट्रीय करार : स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी १९४३ मध्ये बिशारा अल्-खूरी व रियाद अल्-सुल्ह या नेत्यांमध्ये एक अलिखित समझोता झाला. ख्रिस्ती लोकांनी फ्रान्सच्या संरक्षणाची आणि मुसलमानांनी सिरियातील विलीनीकरणाची अपेक्षा सोडावी, हे त्याचे सूत्र होय. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट, पंतप्रधान सुन्नी व संसदेचा सभापती शिया असा संकेत रूढ झाला. संसदेतील जागा ख्रिस्ती व मुसलमान यांच्यात ६:५ या प्रमाणात विभागण्यात आल्या. म्हणूनच संसदेची सदस्यसंख्या अकराच्या पटीत ठेवली जाई.

या पद्धतीतील निर्वाचनाची रचना लक्षणीय आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९०९ पासून मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ होते. लेबाननमध्ये मात्र जागा पंथासाठी राखीव असली, तरी मतदार सर्व पंथांचे असत. साहजिकच मिश्र वस्तीच्या मतदारसंघात उमेदवाराला इतर पंथीयांचीही मते मिळवावी लागत. त्यामुळे भाषेला सौम्यता आली व संमिश्र आघाड्या निर्माण झाल्या. १९७० मध्ये सुलेमान फ्रांजिए हे संसदेत ५० विरुद्ध ४९ मतांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि प्रतिपक्षाने तो निर्णय मानला. सभोवतालच्या अनेक अरब देशांत लष्करी उठाव होत असताना ही घटना सामान्य नव्हती.

यादवी युद्ध : या व्यवस्थेचे दोष १९५८ मध्येच उघड झाले होते. राष्ट्राध्यक्ष कामील शमून यांच्या पश्चिमधार्जिण्या धोरणाविरुद्ध बंड झाले व अमेरिकी सैन्य उतरले. पुढे फुआद शिहाब यांनी प्रशासन सुधारून तोल सावरला. तथापि लोकसंख्येत मुसलमानांचे, विशेषतः शियांचे प्रमाण वाढत असूनही सत्तेचे प्रमाण गोठलेलेच राहिले. दक्षिणेचे दारिद्र्य आणि बेरूतची समृद्धी यांतील अंतरही बोचू लागले. १९७०–७१ मध्ये जॉर्डनमधून हुसकावलेल्या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटना लेबाननमध्ये एकवटल्या. त्यांना वाव द्यावा की आवर घालावा, या प्रश्नावर शासन दुभंगले.

१३ एप्रिल १९७५ रोजी बेरूतमध्ये पॅलेस्टिनींच्या बसवर हल्ला झाला आणि युद्ध भडकले. १९७६ मध्ये सिरियाच्या, तर १९७८ व १९८२ मध्ये इझ्राएलच्या फौजा देशात शिरल्या. १९९० पर्यंत चाललेल्या या युद्धात सर्वसाधारण अंदाजानुसार एक ते दीड लाख माणसे मृत्युमुखी पडली व हजारो बेपत्ता झाली. या संघर्षाला केवळ धर्मयुद्ध म्हणणे युक्त ठरणार नाही. ख्रिस्ती ख्रिस्त्यांशी व शिया शियांशीही लढले. शासन कोसळल्यावर मात्र संरक्षणासाठी पंथाखेरीज दुसरा आसरा उरला नाही, ही गोष्ट खरी.

ताइफ करार व नंतर : सौदी अरेबियातील ताइफ येथे ऑक्टोबर १९८९ मध्ये लेबाननच्या संसद सदस्यांनी समझोता केला व १९९० मध्ये तो संविधानात अंतर्भूत झाला. संसदेतील जागा दोन्ही धर्मांत समसमान झाल्या, तसेच राष्ट्राध्यक्षाचे कार्यकारी अधिकार मंत्रिमंडळाकडे गेले. पंथनिहाय पद्धत टप्प्याटप्प्याने रद्द करण्याचे अभिवचनही त्यात होते. ते अमलात आले नाही.

१९९१ मध्ये सशस्त्र टोळ्या विसर्जित झाल्या, त्यांच्या नेत्यांना सार्वत्रिक माफी मिळाली व त्यांपैकी अनेक जण मंत्री झाले. दक्षिणेतील इझ्राएली ताब्याविरुद्ध लढणारी म्हणून हिज्बुल्ला या शिया संघटनेची शस्त्रे मात्र कायम राहिली. इझ्राएल २००० मध्ये बाहेर पडल्यानंतरही तिने ती ठेवली नाहीत, असे झाले नाही. माजी पंतप्रधान रफीक हरीरी यांच्या हत्येनंतर सिरियाचे सैन्य २००५ मध्ये परतले. एकतृतीयांशाहून अधिक मंत्र्यांनी राजीनामे दिल्यास मंत्रिमंडळ संपुष्टात येते, या तरतुदीला २००८ च्या दोहा समझोत्यामुळे नकाराधिकाराचे रूप आले. २०११ मध्ये साद हरीरी यांचे शासन याच मार्गाने पडले. राष्ट्राध्यक्षपद २०१४ ते २०१६ आणि २०२२ ते जानेवारी २०२५ या काळात रिक्त होते. २००९ मध्ये निवडलेली संसद आपली मुदत स्वतःच वाढवून २०१८ पर्यंत टिकली. ४ ऑगस्ट २०२० रोजी बेरूत बंदरात साठविलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक लोक ठार झाले. सर्व पक्ष सत्तेत भागीदार असले, म्हणजे उत्तरदायी कोणीच राहत नाही, याचा हा दारुण प्रत्यय होय.

मूल्यमापन : लेबाननच्या इतिहासावरून काही निष्कर्ष निघतात. सत्तेतील वाटा निश्चित असल्याने दुर्बल पंथांचे भय कमी होते. मात्र ते प्रमाण बदलण्याची शांततामय सोय नसेल, तर तोच वाटा संघर्षाचे कारण बनतो. दुसरे असे की, शस्त्रबळावर शासनाचा एकाधिकार नसेल, तर संसदेतील बहुमताला अर्थ उरत नाही. तिसरे म्हणजे, प्रत्येक पंथाला बाहेरचा पाठीराखा लाभल्यास अंतर्गत तडजोडीची निकड संपते. ऑक्टोबर २०१९ मधील आंदोलनात सर्व पंथांचे नागरिक एकत्र आले आणि त्यातून पुढे आलेले काही उमेदवार २०२२ मध्ये निवडूनही आले. पंथापलीकडील नागरिकत्वाची आकांक्षा तेथे जिवंत आहे, एवढे यावरून सिद्ध होते. ती आकांक्षा संस्थांच्या रूपाने स्थिर होईल की नाही, हे निःपक्ष न्यायसंस्था, एकच सेना आणि शेजारी राष्ट्रांचा संयम यांवर अवलंबून आहे. त्यांपैकी शेवटची गोष्ट लेबाननच्या मतदारांच्या हाती नाही.