फिश टँकच्या मागे काय लावावे? काळा कागद, पोस्टर की दगड

फिश टँक घरी आला की मासे, फिल्टर, लाइट यांची चर्चा होते. मागच्या काचेचा विचार मात्र टँक भरल्यावर होतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. 24 × 12 × 12 इंचांच्या टँकमध्ये सुमारे 56 लिटर पाणी मावते. काच आणि वाळू धरून वजन सहज 60 किलोच्या वर जाते. भरलेला टँक ओढला तर सांधे सुटण्याची किंवा काच तडकण्याची भीती असते. त्यामुळे मागची बाजू पाणी भरण्याआधीच ठरवावी.

पार्श्वभूमी कशासाठी?

ती फक्त शोभेसाठी नसते. चारही बाजू उघड्या असल्या की माशांना लपायला आधार राहत नाही. मागून माणसे ये-जा करत असतील तर ते बुजतात आणि कोपऱ्यात दडतात. शिवाय टँकमागे खिडकी असेल तर उन्हामुळे काचेवर शेवाळ धरते. अपारदर्शक पार्श्वभूमी मागून येणारे ऊन अडवते.

रंग कोणता?

माशांच्या त्वचेत रंगपेशी असतात. भोवताल गडद असेल तर त्यातले रंगकण पसरतात आणि मासा ठळक दिसतो. भोवताल पांढरा किंवा फिकट असेल तर ते आकसतात आणि मासाही फिका पडतो. म्हणून बहुतेक माशांना काळा किंवा गडद रंग मानवतो. निऑन टेट्रा हा ॲमेझॉन खोऱ्यातल्या काळपट पाण्यातला मासा. त्याची निळी रेघ काळ्यावरच उठून दिसते. समुद्री प्रवाळाचे निळे पोस्टर गप्पी किंवा गोल्डफिशमागे लावले तर मासे मरत नाहीत, पण ते गोड्या पाण्याचे मासे असल्याने चित्र विसंगत दिसते.

पर्याय कोणते?

• काळा चार्ट पेपर: सर्वात स्वस्त. पाण्याचे थेंब पडले की फुगतो, म्हणून वरची कड चिकटपट्टीने बंद करावी.
• छापील पोस्टर: काच आणि पोस्टर यांच्यात हवा राहिली की चंदेरी डाग दिसतात. ते घालवण्यासाठी काही जण खोबरेल तेल लावतात. पण खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजते. शहापूर-मुरबाडच्या थंडीत पहाटे ते पांढरे पडू शकते. त्याऐवजी ग्लिसरीन वापरावे.
• रंग: फक्त बाहेरच्या बाजूने द्यावा, आतून कधीच नाही. काच पुसून ॲक्रेलिक रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत.
• थ्रीडी पार्श्वभूमी: आतून सिलिकॉनने चिकटवतात. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेले, टँकसाठीचेच हवे. ते पूर्ण वाळल्याशिवाय पाणी भरू नये. 12 इंच रुंदीतले 2 इंच गेले तर पाणी सुमारे 9 लिटरने कमी होते, म्हणजे मासेही कमी ठेवावे लागतात. मागे फट राहिली तर लहान मासे त्यात अडकतात.

गावातला दगड चालतो का?

शहापूर आणि मुरबाड हा सह्याद्रीच्या पायथ्याचा काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा भाग आहे. हा दगड पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो टँकला योग्य. मात्र त्याच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे कॅल्साइट असते आणि त्याने पाण्याचा जडपणा वाढतो. पांढऱ्या भागावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर तो दगड ठेवू नये. चांगला दगड घासून, धुऊन घ्यावा. मागच्या काचेला दगडांचा ढीग टेकवू नये. मोठा दगड आधी तळाच्या काचेवर बसवून मग वाळू भरावी. नाहीतर मासे वाळू उकरतात आणि दगड काचेवर कलंडतो.

दगड कुठून आणायचा, हेही महत्त्वाचे. शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे. तिथून परवानगीशिवाय दगड, वनस्पती किंवा मासे उचलणे कायद्यात बसत नाही. घराच्या बांधकामातून उरलेला काळा दगड तेच काम करतो.

थोडक्यात

पहिलाच टँक असेल तर बाहेरून काळा कागद लावावा. पसंत पडला नाही तर पाणी न उपसता काढता येतो. रंग आणि थ्रीडी पार्श्वभूमी मात्र एकदा केली की सहज बदलता येत नाही.