कॉलिमेशन व रंगजुळणी (हौशी खगोलछायाचित्रण)

दुर्बिणीतील आरसे वा भिंगे एका अक्षावर आणणे म्हणजे कॉलिमेशन. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत आधी दुय्यम आरसा फोकसरसमोर नीट बसवतात, मग मुख्य आरशामागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवतात. लेसर कॉलिमेटर सोयीचा खरा, पण तो स्वतःच वाकडा असू शकतो. अंतिम परीक्षा ताऱ्याचीच: दृष्टिक्षेत्राच्या मध्यावरचा तारा किंचित अस्पष्ट केल्यावर वलये समकेंद्री दिसली पाहिजेत. एफ/४ दुर्बिणीत बारीकशी चूकही ताऱ्यांना शेपट्या फोडते. म्हणून गाडीत हादरे खाल्लेली नळी दर मुक्कामी तपासावी.

रंगजुळणी नंतर संगणकावर होते. पूर्वी सूर्यासारखे जी२ वर्गाचे तारे पांढरे धरत. आता चित्रातील तारे गाइया उपग्रहाच्या यादीशी ताडतात. ही जुळणी का लागते, याचे एक उदाहरण: भोकरदन (जि. जालना) सुमारे २०.३° उत्तर अक्षांशावर आहे. तेथून नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला जेमतेम २२° वर चढतो. इतक्या खाली हवेचा थर जाड, निळा प्रकाश विखुरतो आणि गुच्छ पिवळट उमटतो. त्याच चौकटीतील ताऱ्यांवरून हा दोष बराच निघतो. मृगातील तेजोमेघ ६४° पर्यंत जातो, तिथे अडचण वेगळी: साध्या कॅमेऱ्यातील गाळणी हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश बराचसा अडवते. जो प्रकाश टिपलाच नाही, तो रंगजुळणीने परत येत नाही.