हवेची होडी, बेताचे यंत्र

झाशीच्या जुन्या तटाचा लक्ष्मी दरवाजा आज लक्ष्मी गेट या नावाने ओळखला जातो. तो ओलांडून बाहेर पडले की वाट लक्ष्मीतालाकडे वळते. नेवाळकरांची कुलस्वामिनी महालक्ष्मी हिचे मंदिर याच तळ्याच्या परिसरात आहे. 21 नोव्हेंबर 1853 रोजी निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्रीही तेथेच. कोकणातून निघालेल्या घराण्याच्या वाट्यास समुद्राऐवजी तळे आले! या पाण्यास ना भरती, ना ओहोटी. असल्या पाण्यावर फेरी मारण्यास, अथवा बुडत्यास बाहेर काढण्यास, हवा भरलेली लहानशी होडी पुरते. प्रश्न उरतो तो तिला जोडावयाच्या यंत्राचा. त्याचे उत्तर दुकानात शोधण्यापूर्वी या होडीच्या इतिहासात शोधणे बरे.

हवेवर तरंगण्याची युक्ती फार जुनी आहे. निमरूद येथील इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील शिल्पपटांत फुगविलेल्या कातड्यांवर पोटाशी पडून नदी ओलांडणारे असुरी सैनिक कोरलेले दिसतात. आपल्याकडे पंजाबातील सतलज-बियास या नद्याही लोक फुगविलेल्या कातड्यांवरून पार करीत. भिस्त्याच्या मशकेत पाणी भरावयाचे, येथे वारा, फरक एवढाच. मात्र कातडे कुजते आणि शिवणीतून हवा निसटते. रबर चढविलेले कापड निघाले, तेव्हा ही अडचण सरली. 1840 नंतरच्या दशकात पीटर हॅल्केट या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने अंगावर घालावयाचा झगाच असा बनविला की, भात्याने हवा भरताच त्याची होडी व्हावी. एका हाती वल्हे, आणि शिडाच्या जागी छत्री! आरमाराने त्यात फारसे लक्ष घातले नाही. परंतु उत्तर ध्रुवाकडील प्रदेश धुंडाळणाऱ्या जॉन रे याने 1846 साली तशी एक होडी सोबत नेली.

यंत्र पुष्कळ उशिरा आले. अमेरिकेत मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूड याने 1909 मध्ये विकावयास आणलेली, होडीच्या मागे टांगण्याची मोटर अवघी दीड अश्वशक्तीची, पण वजनाने सुमारे 28 किलो होती. लाकडी होडीस हा भार जड नव्हता. हवेच्या होडीची गोष्ट निराळी. रबराच्या मऊ अंगावर थरथरणारे लोखंड टांगावे कोठे? फ्रान्समध्ये झोडियाक कंपनीच्या प्येर दब्रुतेल याने 1934 साली केलेला नमुना कयाक होडीच्या धर्तीचा होता. दोन फुगीर नळ्यांच्या मागील टोकांमध्ये भक्कम लाकडी फळी बसविण्याची घडण रूढ झाली, तेव्हाच मोटरीला खरा आधार मिळाला. आलँ बोंबार याने 1952 साली रबरी होडीतून अटलांटिक महासागर ओलांडला, तोही शिडावर. यंत्र त्याच्याजवळ नव्हते.

सारा विवेक त्या फळीपाशी आहे. किती अश्वशक्तीचे व किती वजनाचे यंत्र चालेल, हे होडीच्या निर्मात्याने तिच्यावर लिहून ठेवलेले असते. घेणारा बहुधा ते वाचीत नाही. तीन मीटरांच्या आतील होडी पाणी कापीत चालते तोवर तिचा वेग ताशी 6-7 किलोमीटरांच्या फार पुढे जात नाही, आणि तेवढ्यास दोन-अडीच अश्वशक्ती पुरते. असे यंत्र सुमारे 17-18 किलोचे असते व एक माणूस ते काखोटीस मारून तळ्याशी नेऊ शकतो. पाण्यावर उचलली जाऊन धावणारी होडी हवी असेल, तर आठ-दहा अश्वशक्ती लागते. मग वजन दुपटीहून अधिक होते. चालकही मागेच बसावयाचा. पुढचे टोक हलके होऊन वर उठते. दांड्याची लांबीही फळीच्या उंचीशी जुळली पाहिजे. लहान होड्यांना बहुधा 38 सेंटिमीटरांचा आखूड दांडा लागतो. लांब दांड्याचा पंखा उथळ पाण्यात चिखल ढवळतो, तर फार वर राहिलेला पंखा हवा ओढून नुसताच भिरभिरतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांच्या पुरात सांगली-कोल्हापूरच्या वस्त्यांत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या हवेच्या होड्या हिंडल्या. पुराचे पाणी म्हणजे काही नदीचे मोकळे पात्र नव्हे. त्याखाली कुंपणे, तारा आणि उभा ऊस असतो. तेथे यंत्राच्या जोरापेक्षा पंखा चटकन वर उचलता येणे मोलाचे ठरते. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना सोडवून आणणारी नाव उलटली आणि अनेक जीव गेले. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती. नाव रबराची असो वा लाकडाची, जादा अश्वशक्तीने तिची क्षमता वाढत नाही.

तळ्यांवर आता विजेरीवर चालणारी मोटरही चालते. तिला धूर नाही, आवाज जवळजवळ नाही. पण विजेरीचे ओझे हिशेबात धरावेच लागते. शहरालगतच्या तळ्यांना जलपर्णीने ग्रासले आहे. तिचे धागे पंख्याभोवती गुंडाळले की तेलाचे यंत्र काय, विजेचे काय, दोन्ही सारखीच अडतात. तेव्हा मोटर वर उचलून काठापर्यंतचे शेवटचे अंतर वल्ह्यानेच कापावे लागते.