उत्तरेला गेलेला खेळ गावात परततो

वेल्स म्हटलं की रग्बी, हे समीकरण आपल्याकडच्या क्रीडाप्रेमींनाही ठाऊक असतं. डोंगरांचा, कोळशाच्या खाणींचा आणि समूहगायनाचा हा छोटासा देश. तिथे शनिवारी दुपारी सारं गाव मैदानाभोवती गोळा होतं. पण ज्या रग्बीसाठी वेल्स प्रसिद्ध आहे ती रग्बी युनियन. तिची एक सख्खी बहीण आहे, रग्बी लीग. तिला वेल्समध्ये जवळजवळ शंभर वर्षं घराबाहेर उभं राहावं लागलं. आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या बहिणीबद्दल.

दोघींची ताटातूट झाली ती पोटापाण्याच्या प्रश्नावरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमध्ये रग्बी खेळणारे बहुतेक जण खाणीत आणि गिरण्यांत राबणारे होते. शनिवारी सामना असला की त्यांचा रोज बुडे. बुडालेल्या रोजाची भरपाई मिळावी, एवढीच त्यांच्या क्लबांची मागणी होती. लंडनच्या धुरीणांनी ती फेटाळली. खेळ हौसेसाठी असतो, पैशासाठी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ज्याला रोजाची फिकीर नाही त्याला असं म्हणणं सोपं असतं. अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. 22 क्लबांची ही नवी संघटना नॉर्दर्न युनियन. तिनं दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. पुढे तिच्याच खेळाला रग्बी लीग हे नाव पडलं.

या मंडळींनी हळूहळू खेळही बदलला. पंधराऐवजी तेरा खेळाडू आले. पकड झाली की ढिगारा करून झोंबत बसायचं नाही. पकडलेल्या गड्यानं उठायचं, चेंडू पायानं मागे सारायचा आणि डाव पुढे चालू. त्यामुळे खेळ वेगवान झाला आणि पाहणाऱ्यालाही चटकन समजू लागला.

आता प्रश्न असा पडतो की, कष्टकऱ्यांचा हा खेळ कष्टकऱ्यांच्याच वेल्समध्ये का रुजला नाही? प्रयत्न तर लगेच झाले होते. 1907 मध्ये मर्थर टिडफिल आणि एबू व्हेल हे दोन क्लब नॉर्दर्न युनियनमध्ये आले, पुढच्या वर्षी आणखी चार आले. 1 जानेवारी 1908 रोजी अ‍ॅबरडेअरला वेल्सनं न्यूझीलंडला 9-8 असं हरवलं. त्याच वर्षी टॉनिपँडीला इंग्लंडचाही पराभव केला. सुरुवात अशी दणक्यात झाली, पण 1912 पर्यंत सहाही क्लब संपले होते. प्रत्येक सामन्यासाठी उत्तरेपर्यंतचा आगगाडीचा खर्च, रोडावत चाललेली गर्दी, आणि पाठीशी ना शाळेतली पोरं, ना गावातले छोटे संघ. वर मोठा क्लब उभा केला, पण त्याच्या पायाखाली काही नव्हतं.

दुसरं कारण अधिक खोल होतं. युनियनवाल्यांनी लीगला वाळीत टाकलं होतं. आपल्या समाजाला वाळीत टाकणं म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. लीगचा एक सामना खेळला, मग पैसे घेतलेले असोत वा नसोत, की युनियनचं दार कायमचं बंद. वेल्समधल्या खेड्यात रग्बी क्लब म्हणजे नुसतं मैदान नव्हे. तिथेच सोयरीक जुळे, तिथेच कामाची ओळख निघे, तिथेच संध्याकाळ जाई. त्या दारातून बाहेर काढलेला तरुण आपल्याच गावात परका होई. अशा धाकात गावातला पोरगा लीग खेळणार कसा? उत्तरेकडच्या क्लबांचे हस्तक गावात येत तेही चोरपावलांनी, कारण त्यांना ओळखलं तर लोक खवळत.

तरीही पोरं गेली. दोन महायुद्धांच्या दरम्यान कोळशाचा धंदा बसला. मर्थरसारख्या गावात निम्म्याहून अधिक कामगार बेकार झाले. त्या काळात वेल्समधून सुमारे चार लाख माणसं पोटासाठी बाहेर पडली. त्यांत रग्बीपटूही होते. कार्डिफचा जिम सलिव्हन 1921 मध्ये सतराव्या वर्षी विगनला गेला. त्या पोराच्या सहीची किंमत होती 750 पौंड. पुढे कारकिर्दीत त्यानं 2,867 गोल मारले. ‘उत्तरेला जाणं’ हा वेल्समध्ये वाक्प्रचारच होऊन बसला. त्यात हेवा होता, रागही होता आणि थोडी लाजही होती.

कार्डिफच्या गोदीलगतची वस्ती म्हणजे टायगर बे. तिच्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आमच्या कोकणकिनाऱ्यावरच्या मुसलमान वाड्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसं ‘बोटीवर’ गेली. ब्रिटिश बोटींवर राबणाऱ्या या हिंदी खलाशांना लस्कर म्हणत. कार्डिफ हे कोळशाचं मोठं बंदर, त्यामुळे जगभरच्या खलाशांची तिथे ये-जा. सोमाली, येमेनी, आफ्रिकी, कॅरिबियन, हिंदी अशी सगळी माणसं त्या चार गल्ल्यांत भेटत. काहींनी तिथेच घर केलं. म्हणूनच या वस्तीतून निघालेल्या खेळाडूंची कहाणी मला दूरची वाटत नाही.

गस रिस्मनचे आईवडील लाटव्हियाहून आलेले. तो 1929 मध्ये सॅल्फर्डला गेला, 1946 मध्ये ब्रिटनच्या संघाचा कर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियात कसोटी मालिका न हरता परतला, आणि 1952 मध्ये वयाच्या 41 व्या वर्षी वर्किंग्टन टाउनला चॅलेंज कप जिंकून दिला. बिली बॉस्टनचे वडील सिएरा लिओनचे दर्यावर्दी. अकरा भावंडांच्या घरातला हा पोरगा. कार्डिफच्या मोठ्या युनियन क्लबाकडून खेळावं, हे त्याचं स्वप्न. तिथून बोलावणं आलंच नाही. 1953 मध्ये विगननं त्याला 3,000 पौंडांना घेतलं आणि त्यानं कारकिर्दीत 571 ट्राय केले. शेजारच्या स्प्लॉट भागातल्या क्लाइव्ह सलिव्हननं 1972 मध्ये ब्रिटनचं नेतृत्व करत विश्वचषक जिंकला. ब्रिटनच्या राष्ट्रीय क्रीडासंघाचा तो पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. हे तिघेही कार्डिफचे, आणि तिघांनाही मान मिळाला तो परगावी.

म्हणजे वेल्सनं लीगला माणसं भरपूर दिली. पण हे सगळं पीक कापून नेणं होतं, बियाणं कोणी पेरलं नाही. मधूनमधून मोठे प्रयोग झाले. 1926 मध्ये पाँटिप्रिडचा क्लब आला, तो दीड हंगामही टिकला नाही. 1949 ते 1955 या काळात वेल्सची स्वतंत्र लीग चालली आणि विरली. 1981 मध्ये फुटबॉलच्या निनियन पार्क मैदानावर कार्डिफ सिटी ब्लू ड्रॅगन्स अवतरले. पहिल्या सामन्याला नऊ हजारांहून अधिक प्रेक्षक आले, आणि 1985 मध्ये गाशा गुंडाळावा लागला. नाव बदलत गेलं, गाव बदलत गेलं, पण चूक तीच राहिली. आधी कळस, मग पाया.

बदल घडला तो 1995 मध्ये. त्या वर्षी ऑगस्टमध्ये रग्बी युनियननंच पैसे देऊन खेळायला मान्यता दिली. शंभर वर्षांपूर्वी ज्या कारणावरून भावकी फुटली, ते कारणच उरलं नाही. हौशी खेळाडूंवरची बंधनं त्याआधीच सैल होऊ लागली होती, आता वाळीत टाकणं पुरतं संपलं. त्याच शरद ऋतूत विश्वचषकात वेल्सनं स्वान्सीच्या वेच फील्डवर पश्चिम सामोआला हरवून उपांत्य फेरी गाठली. पंधरा हजारांहून अधिक लोक तो सामना पाहायला आले होते. उत्तरेला गेलेल्या पोरांचा खेळ आपल्याच मातीत पाहायला.

पण गावोगाव खेळ वाढला त्याचं श्रेय मी त्या गर्दीला देणार नाही. ते देईन एका अगदी साध्या युक्तीला. 1997 मध्ये उत्तर इंग्लंडबाहेरच्या हौशी संघांसाठी दहा संघांची एक छोटी स्पर्धा सुरू झाली, तीच पुढे रग्बी लीग कॉन्फरन्स म्हणून ओळखली गेली. ती उन्हाळ्यात खेळली जाई. युनियनचा हंगाम हिवाळ्यातला. म्हणजे उन्हाळ्यात मैदानं रिकामी आणि पोरंही मोकळी. कोणाला आपला क्लब सोडायला सांगायचं नाही. तुमचं घर तुम्हाला लखलाभ, सुट्टीत आमच्या अंगणात या, एवढंच निमंत्रण. पकड आणि धाव तर अंगवळणी पडलेलीच होती, नियम तेवढे नवे शिकायचे.

बघता बघता वेल्सला या स्पर्धेत स्वतःचा विभाग मिळाला. कार्डिफ डेमन्स, ब्रिजेंड ब्लू बुल्स, टॉरफाइन टायगर्स, व्हॅली कूगर्स, न्यूपोर्ट टायटन्स, अ‍ॅबरअ‍ॅव्हन फायटिंग आयरिश अशी नावं दिसू लागली. हे संघ कोणा धनिकानं विकत घेतलेले नव्हते. कोणी मास्तर, कोणी कारखान्यातला कामगार, कोणाची आई जर्सी धुणारी, कोणाचा बाप गाडी हाकणारा, अशांच्या जोरावर हौशी क्लब चालतो. वेल्समध्येही तो तसाच चालला. मोठ्यांच्या मागे मुलांचे वयोगट आले, शाळा-कॉलेजांत संघ निघाले.

याच काळात वरूनही एक मोठा प्रयोग झाला. 2005 मध्ये स्थापन झालेला केल्टिक क्रुसेडर्स हा क्लब ब्रिजेंडहून खेळू लागला आणि 2009 मध्ये थेट सुपर लीगमध्ये पोहोचला. पण त्यात ऑस्ट्रेलियातून आणलेल्या खेळाडूंचा भरणा होता. त्यांतल्या सहा जणांना व्हिसाच्या कारणावरून देश सोडावा लागला. 2010 मध्ये क्लब उत्तर वेल्समधल्या रेक्समला हलला आणि 2011 च्या हंगामाअखेर संपला. मागच्याच कथेचा हा नवा अध्याय, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. या वेळी खाली जमीन तयार होती, म्हणून पडझडीतूनही काही उरलं. क्रुसेडर्समध्ये घडलेले बेन फ्लॉवर आणि गिल डडसन हे वेल्सचे तरुण 2012 मध्ये विगनला गेले. पोर्ट टॅलबटचा रेगन ग्रेस साउथ वेल्स स्कॉर्पियन्समधून सेंट हेलेन्सला गेला आणि 2019 च्या विजेत्या संघात होता. हेही उत्तरेला गेलेच, पण एक फरक आहे. जिम सलिव्हन युनियन शिकून गेला होता. ही पोरं लीग शिकून गेली, आपल्याच मुलखात.

रेक्समलाही काही मागे राहिलं. तिथे नॉर्थ वेल्स क्रुसेडर्स हा नवा क्लब उभा राहिला आणि त्याच्या अवतीभवती उत्तर वेल्सची हौशी स्पर्धा सुरू झाली. कॉन्वी सेल्ट्स, फ्लिंटशर फाल्कन्स, बाला बुल्स असे संघ तीत उतरले. बाला हे गाव वेल्श भाषेचं माहेरघर. तिथल्या पोरांनी हा खेळ जवळ करावा, याचं मला विशेष वाटतं. खेळ जेव्हा गावच्या बोलीत शिव्या खातो आणि शाबासकी मिळवतो, तेव्हाच तो गावचा होतो.

‘खेळणारे वाढले’ याचा अर्थ केवळ तरुण पुरुष वाढले असा नाही. व्हीलचेअर रग्बी लीगमध्ये अपंग आणि धडधाकट, बाई आणि पुरुष एकाच संघात खेळतात. त्यात वेल्सचा संघ 2022 मध्ये झालेल्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत गेला. महिलांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. जून 2021 मध्ये वेल्सच्या मुलींना इंग्लंडनं 60-0 असं धुतलं. त्याच वर्षी दक्षिणेतल्या क्लबांसाठी महिलांची स्पर्धा सुरू झाली आणि कार्डिफ डेमन्सच्या मुली तीत खेळू लागल्या. पुढे हाच राष्ट्रीय संघ 2026 च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. वेल्सच्या महिलांना हा मान पहिल्यांदाच मिळाला.

सगळं चढत्या कमानीचं आहे असं मात्र नाही. हौशी क्लब एखादं माणूस गाव सोडून गेलं तरी बंद पडतो. कोरोनानं 2020 चा हंगाम गिळला. स्कॉर्पियन्सचा व्यावसायिक वारसा शेवटी लानेलीच्या वेस्ट वेल्स रेडर्सकडे आला. त्यांना 2018 मध्ये यॉर्कनं 144-0 असं हरवलं आणि 2022 नंतर तेही मागे हटले. दक्षिण वेल्समधलं वरचं मजलं पुन्हा कोसळलं. पण या वेळी त्याखालचं जोतं शाबूत राहिलं. हौशी संघ खेळत राहिले. 1912 मध्ये किंवा 1985 मध्ये तसं झालं नव्हतं. शंभर वर्षांत काय बदललं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एवढंच.

जुलै 2023 मध्ये कार्डिफच्या गोदीवर बॉस्टन, रिस्मन आणि क्लाइव्ह सलिव्हन यांचा एकत्र पुतळा उभा राहिला. 2025 मध्ये, वयाच्या नव्वदीत, बिली बॉस्टनला ‘सर’ हा किताब मिळाला. रग्बी लीगच्या खेळाडूला तो पहिल्यांदाच मिळाला. उशिरा का होईना, शहरानं आपली माणसं ओळखली, याचा आनंद आहेच. पण पुतळा गेलेल्यांसाठी असतो. राहिलेल्यांसाठी लागतं ते एक मैदान, एक चेंडू, तेरा पोरं आणि दर आठवड्याला न चुकता दार उघडणारा कोणी तरी. बॉस्टनला ज्या गावात बोलावणं आलं नाही, त्याच गावात आज एखादी मुलगी डेमन्सची जर्सी घालून मैदानात उतरते. तिला कोणाच्या बोलावण्याची वाट पाहावी लागत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)