दप्तर कुणाच्या हातात? कुलकर्णी वतनापासून ई-कोर्टापर्यंत

१७ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांना मुंबईची वारी चुकली. त्यासाठी वकील आणि पक्षकार चार दशके झगडले. दुसरीकडे ई-कोर्ट आले, त्यामुळे तारीख मोबाइलवर कळू लागली. या दोन्ही गोष्टींचे स्वागतच आहे. पण आंबेडकरी माणसाने त्यापुढचा प्रश्न विचारला पाहिजे. कोर्ट जवळ आले, पण कोर्टाचे दप्तर आपल्या हातात आले का?

दप्तराचा हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. गावगाड्यात जमीन कुणाची, सारा किती, वतन कुणाचे, हे सगळे कुलकर्ण्याच्या दप्तरात असे आणि तेही मोडीत. ज्याच्यावर लिहिले जाई त्याला ते वाचता येत नसे. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच लेखणीच्या सत्तेवर आसूड ओढला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यावर घाव घातला. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतने खालसा केली आणि त्या जागी पगारी तलाठी नेमले. लेखणी वंशपरंपरेतून काढून नोकरीत आणली. अस्पृश्य समाजातील माणसांना त्यांनी वकिलीच्या सनदाही दिल्या. १९०२ च्या पन्नास टक्के आरक्षणाची आठवण आपण दरवर्षी काढतो, पण दप्तर मोकळे करण्याचे हे काम तितकेच मोठे होते. दप्तर ज्याच्या कपाटात, न्याय त्याच्या उंबऱ्यावर, हे महाराजांनी ओळखले होते.

आता महाडकडे पाहू. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह होणार म्हटल्यावर सनातन्यांनी १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. तळे खासगी आहे, अस्पृश्यांना मनाई करा, ही त्यांची मागणी. तात्पुरता मनाई हुकूम १४ डिसेंबरला मिळाला, म्हणजे अवघ्या दोन दिवसांत! आणि तळ्यावर सनातन्यांचा तसा काही हक्क नाही, हा उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. सव्वानऊ वर्षांनी.

याच कोर्टांनी एकाला दोन दिवसांत दिले आणि दुसऱ्याला सव्वानऊ वर्षे थांबवले. तेव्हा विलंब म्हणजे फक्त जुनाट यंत्रणा, फायलींचे ढीग आणि अपुरे कारकून, असे कुणी सांगू लागले तर ते अर्धेच खरे आहे. कोर्टाला घाई करता येते. ती कुणासाठी केली जाते, हा खरा सवाल आहे. संगणक फायलीचा ढीग कमी करील, पण कुणाची फाइल वर घ्यायची हे संगणक ठरवत नाही.

ई-कोर्टाचा इतिहास थोडक्यात असा. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २००५ मध्ये राष्ट्रीय धोरण आखले. २००७ पासून पहिला टप्पा, २०१५ पासून दुसरा. तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टांत संगणक आले आणि देशभर एकच आज्ञावली आली. ती मुक्त सॉफ्टवेअरवर उभारलेली आहे आणि पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ती बनवली, हे मुद्दाम लक्षात ठेवा. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळाला. प्रलंबित खटल्यांचे आकडे दाखवणारी राष्ट्रीय न्यायिक माहिती जाळी लोकांना खुली झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांचा तिसरा टप्पा मंजूर झाला. त्यातले दोन हजार कोटींहून अधिक केवळ जुनी-नवी कागदपत्रे संगणकात उतरवण्यासाठी आहेत.

याचा आपल्याला फायदा आहे, आणि तो कमी नाही. पूर्वी तारीख कळायला कोर्टाच्या कारकुनाची मनधरणी करावी लागे, नाहीतर वकिलाच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. गावातल्या मजुराचा त्यात दिवसाचा रोज बुडे. आज एफआयआरच्या क्रमांकावरूनही खटला शोधता येतो. कपाटाची किल्ली काही प्रमाणात बाहेर आली आहे.

पण किल्ली बाहेर आली म्हणून कपाट आपले होत नाही. कराडचे उदाहरण घ्या. तिथल्या एका सरकारी महाविद्यालयातील ॲट्रॉसिटीच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी कायदा बोथट करणारा निकाल दिला. तारीख पुन्हा चवदार तळ्याचीच! त्या निकालात निर्दोष सुटकांचे सरकारी आकडे कायद्याच्या गैरवापराचा पुरावा म्हणून मांडले गेले. आकडे खोटे नव्हते, वाचन खोटे होते. आरोपी का सुटतात? तपास ढिला असतो, साक्षीदारांवर गावाचा दबाव असतो. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. उद्या हा निकालही तक्त्यात फक्त 'निर्दोष' एवढाच दिसेल. २ एप्रिलला समाज रस्त्यावर उतरला, संसदेने १८-अ कलम घातले, २०१९ मध्ये न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. पण धडा पक्का आहे. आपले आकडे आपण वाचले नाहीत, तर दुसरा कुणीतरी ते आपल्याविरुद्ध वाचतो.

आणखी एक गोष्ट. २०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात १५-अ कलम आले. पीडिताला प्रत्येक कामकाजाची, जामीन अर्जाचीसुद्धा, वेळेत सूचना मिळाली पाहिजे आणि या गुन्ह्यांच्या कामकाजाचे व्हिडिओ चित्रीकरण झाले पाहिजे, असे ते सांगते. शक्यतो दोषारोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपवावा, असेही याच कायद्यात आहे. तेव्हा हजारो कोटींच्या योजनेपुढे आपली कसोटी सोपी आहे. तालुक्यातल्या बाईच्या खटल्यात कॅमेरा लागला का? आरोपीचा जामीन अर्ज आल्याचे तिला आधी कळले का, की आरोपी गावात फिरताना दिसल्यावर?

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. एक, ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर कायद्यानुसार शोध घेता येतो. आपल्या जिल्ह्यातील ॲट्रॉसिटीच्या खटल्यांची यादी करा. कोणता खटला किती वर्षे कोणत्या टप्प्यावर अडला, ते वहीत लिहा. त्यात पीडितांची नावे मात्र जाहीर करू नका. दोन, प्रत्येक खटल्यात सूचना आणि चित्रीकरणाची मागणी लेखी अर्जाने करा. तोंडी मागणीची नोंद रोजनाम्यात राहत नाही. तीन, मराठीचा आग्रह धरा. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. संगणकावर दिसणारा निकाल पक्षकाराला वाचता येत नसेल, तर कालची मोडी आणि आजची इंग्रजी यांत फरक तो काय?

शाहू महाराजांनी कुलकर्ण्याच्या हातून लेखणी काढून घेतली. बाबासाहेबांनी ती आपल्या हातात दिली. आता दप्तर पडद्यावर आले आहे. ते उघडणारा माणूस वस्तीतला हवा.

जयभीम! जय शाहू!