निरोपातच दडलेले घड्याळ

संगणक शून्य आणि एक यांच्या भाषेत बोलतो, असे आपण वर्गात नेहमी सांगतो. त्यापुढचा एक प्रश्न मात्र सहसा निघत नाही. तारेवर विद्युतदाब असला की एक आणि नसला की शून्य, असे ठरवले. आता तारेवर बराच वेळ दाबच नाही. म्हणजे शून्ये आली हे खरे, पण किती? पाच की सहा? ते सांगायला एका अंकाला किती वेळ दिला आहे आणि नेमके कोणत्या क्षणी तारेकडे पाहायचे, हे ग्राहक यंत्राला कळले पाहिजे. मोजणी एकाने चुकली की पुढची सगळी अक्षरे सरकतात.

हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे. फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या तारायंत्रात प्रत्येक अक्षर पाच स्पंदांचे होते. तारेच्या दोन्ही टोकांना धातूच्या पट्ट्या बसवलेली चकती असे आणि तिच्यावरून ब्रश फिरत असे. दोन्हीकडचे ब्रश एकाच वेळी एकाच क्रमांकाच्या पट्टीवर असले तरच निरोप नीट लागे. म्हणून काही पट्ट्या केवळ चाल दुरुस्त करणाऱ्या स्पंदासाठी राखलेल्या असत. तारमास्तरही त्याच तालाला बांधलेला होता. यंत्र 'टक्' असा आवाज करी आणि त्या ठेक्यावर, मिनिटाला सुमारे १८० वेळा, पाच कळांपैकी हव्या त्या दाबायच्या. ठेका चुकला की अक्षर गेले. (वेगाचे 'बॉड' हे एकक याच बोदोंच्या नावावरून आले आहे.)

अमेरिकेत हॉवर्ड क्रम यांनी १९१० च्या सुमारास माणसाची या ठेक्यातून सुटका केली. प्रत्येक अक्षराआधी 'सुरू' आणि नंतर 'थांब' असा स्पंद पाठवायचा. मग दोन्हीकडच्या घड्याळांचे एका अक्षरापुरते जमले तरी पुरे. हिशोब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. अक्षर आठ अंकांचे असेल तर शेवटच्या अंकाचा मध्य 'सुरू' झाल्यापासून साडेआठ अंककाळांनी येतो. तोवर अर्ध्या अंककाळाची चूक खपते, म्हणजे सुमारे ६ टक्के. कितीतरी साधी घड्याळे यात बसतात! संगणकाच्या सिरियल पोर्टने हीच रीत उचलली. मात्र दर आठ अंकांमागे दोन जादा, ही तिची किंमत.

टेलिफोनवाल्यांना एवढी उधळपट्टी परवडणारी नव्हती. बेल कंपनीने १९६२ मध्ये आवाजाचे अंक करून एका जोडतारेवर २४ संभाषणे पाठवायला सुरुवात केली. वेग होता सेकंदाला १५ लाख ४४ हजार अंक. वाटेत दर दोनएक किलोमीटरवर क्षीण झालेले स्पंद नव्याने घडवणारे यंत्र होते आणि ते आपला ताल आलेल्या स्पंदांतूनच काढून घेई. झोपाळ्याला अधूनमधून धक्का मिळत राहिला की तो आपल्या लयीत झुलत राहतो, तसे. पण बरेच धक्के ओळीने चुकले तर? म्हणून नियम झाला की सलग पंधरापेक्षा जास्त शून्ये पाठवायची नाहीत.

आवाजात एखादा अंक बदलला तर कानाला कळत नाही. पुढे याच तारांवरून संगणकांचे आकडे जाऊ लागले तेव्हा अडचण झाली, कारण तिथे एकही अंक बदलून चालत नाही. मग आठातला एक अंक कायम 'एक' ठेवावा लागला आणि सेकंदाला ६४ हजार अंकांच्या वाटेवरून गिऱ्हाइकाला ५६ हजारच मिळू लागले. घड्याळाचा हा कर पुष्कळ वर्षे भरला गेला.

झोपाळ्याहून शहाणी युक्ती आधीच सुचलेली होती. फ्रान्सचे आंरी द बेलसीझ यांनी १९३२ मध्ये रेडिओसाठी असे मंडल मांडले होते की, ग्राहकाचा स्वतःचा आंदोलक बाहेरून येणाऱ्या लहरीशी सतत ताडून पाहायचा आणि जो फरक पडेल त्यानेच त्याला ओढून जागेवर आणायचे. हे 'फेज लॉक्ड लूप' १९६९ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीच्या आयसीत उतरले. ते काम करणाऱ्यांपैकी हान्स कामेनझिंड यांनीच पुढे आपल्या ओळखीची ५५५ आयसी रचली.

लहर नियमित असते, अंक नसतात. मग ताडायचे कशाशी? १९७५ मध्ये जे. डी. एच. अलेक्झांडर यांनी दिलेले उत्तर सातवीच्या मुलालाही समजेल. लागोपाठच्या दोन अंकांच्या मध्यावर तारेकडे पाहा आणि त्या दोन क्षणांच्या बरोबर मधोमध आणखी एकदा पाहा. समजा पहिला अंक ०, दुसरा १. मधल्या वेळी ० दिसला तर बदल अजून व्हायचा आहे, म्हणजे आपले घड्याळ घाई करते आहे. १ दिसला तर बदल होऊन गेला, म्हणजे घड्याळ रेंगाळते आहे. त्याप्रमाणे त्याला किंचित मागेपुढे सरकवा. दोन्ही अंक सारखेच असले तर मात्र काहीच कळत नाही. झोपाळा गेला, पण लांबलचक शून्यांची भीती राहिलीच.

आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाशेक यांनी १९८३ मध्ये तिच्यावर संकेतावली काढली. दर आठ अंकांसाठी दहा अंक असे निवडायचे की सारखे अंक ओळीने पाचापेक्षा जास्त कधी येणारच नाहीत.

संगणकाच्या आत घड्याळासाठी वेगळी तार देणे बरीच वर्षे चालत होते. १९९० च्या दशकातील पीसीआय मार्गावर ३२ तारा शेजारीशेजारी होत्या आणि ताल होता सेकंदाला ३ कोटी ३० लाख ठोक्यांचा. वेग वाढवावा तर या तारांवरचे अंक थोडे पुढेमागे पोहोचणार आणि एकच ठोका सगळ्यांना लागू पडणार नाही. २००३ च्या सुमारास आलेल्या पीसीआय एक्स्प्रेसमध्ये एकेका मार्गावरून सेकंदाला अडीच अब्ज अंक धावू लागले. तिथे एक अंक ०.४ नॅनोसेकंद टिकतो आणि तेवढ्यात संदेश पाटीवर जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. इथे ठोक्याची तार डेटाबरोबर धाडणे सोडून दिले. प्रत्येक ग्राहक आपला क्षण आलेल्या अंकांतूनच शोधतो, आणि आठाला दहाची संकेतावली त्याच्या मदतीला असते.

२०१० च्या तिसऱ्या आवृत्तीत तोही कर कमी केला. अंक एका ठरलेल्या सरमिसळ मालिकेत मिसळून पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा वेगळे करायचे. मग लांबलचक शून्ये येणे अशक्य नव्हे, पण फार विरळ. हे पाऊल मला सर्वांत धाडसी वाटते, कारण इथे नियमाऐवजी संभाव्यतेवर भिस्त ठेवली आहे. तरी पुरती नाही. दर १३० अंकांतले पहिले दोन ०१ किंवा १० असेच असतात, म्हणजे एक बदल तरी खात्रीचा.